सायकली पिकअपमध्ये चढवण्याआधी

नागपुरात पहाटे साडेपाचला अंबाझरी, फुटाळा किंवा गोरेवाड्याच्या रस्त्यावर उभं राहिलं, की सायकलवाल्यांचे गट एकामागून एक जाताना दिसतात. डॉक्टर, शिक्षक, बँकेतली माणसं, कॉलेजची पोरं, साठी ओलांडलेले काका. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली, त्याचा अभिमान या गटांत आजही बोलण्यातून दिसतो. रामटेक पन्नासेक किलोमीटरवर, तिथे सायकलनेच जाऊन येता येतं. पण चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल, पचमढीला जायचं असेल किंवा शाळेतल्या मुलांना पेंचजवळच्या सिल्लारीच्या बाजूला फिरवायचं असेल, तर सायकली गाडीत घालून न्याव्या लागतात. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला आणि सायकलला परवानगीच नाही. मग कोणीतरी ओळखीच्या पिकअपवाल्याला फोन करतो, भाडं ठरतं आणि सायकली कशा न्यायच्या हा प्रश्न निघायच्या पहाटे, अंधारात, दोराच्या गुंडाळीसकट समोर येतो.

माझं सांगणं या एकाच गोष्टीबद्दल आहे. सायकली कशा न्यायच्या हे गाडी ठरवण्याआधी ठरवा. गाडी दारात आल्यावर जे सुचतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

एस.टी.च्या टपावर सायकली जायच्या तो काळ अनेकांना आठवत असेल. हमाल शिडीवरून सायकल वर चढवायचा, आडवी टाकायचा, वर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि सुतळीने करकचून बांधायचा. त्या सायकलींना काही व्हायचं नाही. त्या जाड लोखंडी नळ्यांच्या, वीस किलोच्या आसपास वजनाच्या. पोचा आला तरी हातोडीने काढता यायचा. आजची गिअरची सायकल वेगळी आहे. तिची अॅल्युमिनियमची नळी बाहेरून जाड दिसते, पण मधल्या भागात तिचा पत्रा फार पातळ असतो. वजन वाचवण्यासाठी तो मुद्दाम तसा केलेला असतो. कार्बनची फ्रेम चालवताना येणारा ताण वर्षानुवर्षे सहन करते, पण बाजूने दाबली, आवळली किंवा टोकदार वस्तूने ठोकली तर आतून चिरू शकते आणि ती चीर बाहेरून दिसेलच असं नाही. तीस-चाळीस हजारांपासून लाखांपर्यंतच्या सायकली आपण टपाच्या काळातल्या पद्धतीने बांधतो आणि मग गिअर का नीट पडत नाही म्हणून मेकॅनिककडे जातो.

नुकसान नेमकं कसं होतं ते एकदा जवळून पाहा. दोन सायकली एकमेकींना टेकवून बांधल्या आहेत. एकीच्या पेडलची दातेरी कड दुसरीच्या खालच्या नळीला लागली आहे. निघताना ती नुसती टेकलेली असते, दोर घट्ट असतो, सगळं ठीक दिसतं. चिखलदऱ्याला निघालेली गाडी अमरावतीपर्यंत पोचते तोवर दोर ताणून थोडा सैल झालेला असतो. मग प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला ते पेडल त्याच जागी एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे होतं. मध्ये रस्त्याची बारीक धूळ जाऊन बसते आणि ती पॉलिश पेपरसारखं काम करते. परतवाड्याला फाळका उघडला की नळीवर अंगठ्याएवढा डाग असतो, रंग गेलेला, आतला धातू चकाकत असलेला. अॅल्युमिनियमवर हा फक्त दिसण्याचा प्रश्न ठरू शकतो. कार्बनवर तो सायकलच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

म्हणून कोणतीही पद्धत निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. सायकलचं वजन कशावर आहे? आणि ती कशाला घासणार आहे? वजन चाकांवर किंवा चाकाच्या आसाच्या जागी असावं, कारण सायकल मुळात तिथेच भार घेण्यासाठी बनलेली आहे. आणि ती कशालाच घासू नये.

आता गाडीचं माप. टेप घेऊन मोजा, 'सहज बसतील' या शब्दांवर जाऊ नका. मोठ्या माणसाची सायकल चाकांसकट पावणेदोन ते एक मीटर ऐंशी सेंटिमीटरपर्यंत लांब असते. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, याचा हौदा साधारण सव्वादोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. त्यात सायकल लांबीत आरामात उभी राहते. बोलेरो पिकअपचा हौदा अडीच मीटर किंवा त्याहून लांब आणि एक मीटर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. इसुझू व्ही-क्रॉससारखी दुहेरी केबिनची गाडी रुबाबदार दिसते, माणसंही पाच बसतात, पण तिचा हौदा जेमतेम दीड मीटर लांब. त्यात पूर्ण सायकल सरळ ठेवली तर फाळका लागत नाही. गाडी जितकी महाग तितकी सायकलसाठी चांगली, हा हिशेब इथे चालत नाही. आठ-दहा सायकली चिखलदऱ्याला न्यायच्या तर साधी बोलेरो पिकअप आणि माणसांसाठी वेगळी गाडी, हेच बरं पडतं.

रुंदीचा हिशेब हँडलवरून करा. रेसर सायकलचं हँडल चाळीस ते चव्वेचाळीस सेंटिमीटर, डोंगरी सायकलचं सत्तर ते अठ्ठ्याहत्तर. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला केली तर हँडलं एकमेकांत अडकतात. एक पुढे तोंड करून, दुसरी मागे, अशा उलटसुलट उभ्या केल्या की जागा बरीच वाचते. छोट्या हत्तीत अशा चार रेसर किंवा तीन डोंगरी सायकली नीट उभ्या राहतात. पाचवी कोंबायचा मोह टाळा. पहिल्या चारांचं नुकसान ती पाचवीच करते.

साध्या सायकलींसाठी, म्हणजे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड असलेल्या आणि नटाने चाक बसवलेल्या सायकलींसाठी, ही चाकांसकट उभी करण्याची पद्धत सर्वांत चांगली. चाक काढायची खटपट नाही, पाना नको. मानव विकास कार्यक्रमात गरजू तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलींसाठी मदत मिळते. त्या सायकली तालुक्याच्या दुकानातून गावापर्यंत आणताना शिक्षकांनी आणि पालकांनी एवढं बघावं, की त्या एकावर एक रचून आणल्या जात नाहीत. ढिगाखालच्या सायकलीच्या चाकाला पहिल्याच दिवशी आऊट आला, तर ती मुलगी वाकडं चाक घेऊन रोज शाळेत जाणार. चाक सरळ करून घ्यायला दुकान गावात असतंच असं नाही.

गिअरच्या, झटपट चाक निघणाऱ्या सायकलींसाठी मात्र मी फळीची शिफारस करीन, आणि ती मनापासून. हौद्याच्या रुंदीएवढी, दोन इंच जाडीची चांगली लाकडी फळी घ्यायची. तिच्यावर ठरावीक अंतराने लोखंडी खोबण्या नट-बोल्टने बसवायच्या. पुढचं चाक काढायचं, चिमट्याची, म्हणजे ते चाक धरणाऱ्या फोर्कची, दोन टोकं खोबणीत बसवायची आणि आस घट्ट करायचा. मागचं चाक हौद्याच्या तळावर टेकतं. सायकल कुठेही न दाबता, न आवळता उभी राहते. खोबणी विकत मिळते, पण हिंगणा रोडवरच्या किंवा तुमच्या भागातल्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येते: बरोबर 100 मिलिमीटर लांबीचा लोखंडी पाइपचा तुकडा पट्टीवर वेल्ड करायचा आणि त्यातून क्विक रिलीजचा दांडा जाईल एवढं भोक ठेवायचं. हे माप जुन्या पद्धतीच्या क्विक रिलीज चिमट्याचं आहे. नव्या डिस्क ब्रेकच्या सायकलींना आरपार जाणारा जाड आस असतो, रेसरला सहसा 12 मिलिमीटरचा, डोंगरीला 15 चा, आणि काही डोंगरी चिमट्यांची रुंदी 110 असते. तेव्हा वेल्डिंग करण्याआधी गटातल्या सगळ्यांच्या सायकली मोजा. एकाच मापाची फळी करून आणायची आणि निम्म्या सायकली तिच्यावर बसायच्या नाहीत, असं होऊ देऊ नका.

पुढचं चाक निघालं की सायकलची लांबी एक मीटर चाळीसच्या आसपास येते. व्ही-क्रॉसचा आखूड हौदाही मग पुरतो आणि फाळका लागतो. बोलेरोत तर सायकली आडव्या रांगेतही बसतात, पण तसं करायच्या आधी थोडा विचार करा. गाडी ब्रेक मारते तेव्हा झटका पुढे बसतो. सायकल गाडीच्या दिशेने उभी असेल तर तो झटका ती चाकांच्या रेषेत घेते. आडवी असेल तर तिचं सगळं वजन बाजूला झुकतं आणि चिमट्याच्या टोकांवर पीळ येतो. आडवी रांग करायचीच असेल तर प्रत्येक सायकलची सीट पट्ट्याने दोन्ही बाजूंना ताणून बांधा. आणि फळी नुसती हौद्यात ठेवू नका. तिची दोन्ही टोकं बॉडीच्या हुकांना पक्की बांधली नाहीत, तर पहिल्या मोठ्या खड्ड्याला फळीसकट सगळ्या सायकली कलंडतील.

हायड्रॉलिक ब्रेकच्या सायकलीचं चाक काढलं की ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा घडी केलेला पुठ्ठा सरकवा. चाक नसताना कोणी गंमत म्हणून लिव्हर दाबली तर पॅड मिटून बसतात आणि चिखलदऱ्यात पोचल्यावर चाकच आत जात नाही. काढलेली चाकं हौद्यात मोकळी टाकू नका. डिस्कवर दाब आला की ती वाकते. चाकं केबिनमध्ये किंवा सोबतच्या गाडीत, चादरीत गुंडाळून द्या.

फाळक्यावर गादी टाकून, पुढचं चाक बाहेर लोंबतं ठेवून सायकली नेण्याची एक पद्धत परदेशी व्हिडिओंत दिसते आणि आपल्याकडच्या व्ही-क्रॉसवाल्यांना ती आवडते. मी ती सुचवणार नाही. सायकलचं वजन खालच्या नळीवर येतं, त्या नळीखालून गेलेल्या केबल दबतात, मागची नंबर प्लेट आणि लाल दिवे झाकले जातात. आणि मुख्य म्हणजे चाकं गाडीच्या बाहेर येतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर, परवानगीच्या मर्यादेबाहेर माल आला तर वीस हजार रुपये दंड आणि तो उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. दंडाचं सोडा, रात्री वर्धा रोडवर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती काळी चाकं दिसतील का, याचा विचार करा. साध्या मालवाहू पिकअपचा फाळका तर पत्र्याचा आणि कडा धारदार. त्यावर सायकल टेकवूच नका. गाडीच्या मागे हूक बसवून त्यावर लटकवायचे रॅकही मिळतात. नंबर प्लेट आणि दिवे झाकण्याची अडचण त्यांनाही आहे आणि पिकअपला हौदा असताना त्यांची गरजच नाही.

कधीकधी एखादी सायकल आडवी टाकण्याशिवाय इलाज नसतो. तर मग एकच, खाली गोधडी किंवा जाड सतरंजी घालून, चेनची बाजू वर करून. गिअर बदलणारा डिरेलर त्या बाजूला लोंबत असतो आणि ज्या छोट्या कानाला तो अडकवलेला असतो तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. हाताच्या जोरानेही तो वाकतो. चेन खाली करून सायकल टाकली की पहिल्यांदा तोच वाकतो, आणि घाटात सर्वांत मोठ्या दातेरीवर गिअर टाकताना डिरेलर आऱ्यांत जाऊ शकतो.

दोराबद्दल. नायलॉनचा दोर ताणतो, सुतळी घासते, आणि ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्या सायकलला धरून ठेवत नाहीत, नाचवतात. पंचवीस मिलिमीटर रुंदीचे कॅम बकलचे पट्टे घ्या. ट्रान्सपोर्टवाल्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. रॅचेटचा पट्टाही चालेल, पण त्याचा खटका ओढत राहिलं तर कळत नाही आणि रिम किंवा हँडल वाकेपर्यंत ताण येतो. पट्टा फ्रेमच्या नळीवर आवळू नका. चाकांवर असलेल्या सायकलीला पुढे हँडलच्या मधल्या भागाजवळून दोन्ही बाजूंना खाली तिरकं बांधा, आणि मागे सीटच्या दांड्याला तसंच. शॉकअॅब्सॉर्बरचा चिमटा असेल तर तो थोडासा दबेल एवढाच ताण द्या. पुढचा ब्रेक लिव्हरवर रबर घालून लावून ठेवला की सायकल पुढे-मागे सरकत नाही. दोन सायकलींच्या मध्ये फोमचा तुकडा, जुनी चादर, काहीही मऊ घाला. पेडल काढता आलं तर उत्तम. पंधरा नंबरचा पाना लागतो, आणि लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे फिरवलं की सुटतं. हे माहीत नसल्याने पाना लावून उलट दिशेला जोर करणारे आणि क्रँकचे आटे घालवणारे फार आहेत.

नागपूरच्या उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला नको. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदले गेले होते. मे महिन्यात दुपारी उघड्या हौद्यात काळे टायर तापतात, ट्यूबमधली हवा फुगते आणि जुन्या पंक्चरचा चिकटवलेला तुकडा सुटतो. निघताना हवा थोडी कमी ठेवा, पोचल्यावर भरा. शक्यतो पहाटे निघून दहाच्या आत पोचा. पावसाळ्यात ताडपत्री लागते, पण ती सैल बांधली की वाऱ्याने भरते, फडफडते आणि तिच्या लोखंडी रिंगा सायकलींवर आपटत राहतात. समृद्धीवर मालवाहू गाड्यांना ताशी 80 ची मर्यादा आहे. त्या वेगातही वाऱ्याचा जोर कमी नसतो. ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट, आणि सीट-हँडलच्या टोकांवर कापड गुंडाळून.

माणसं हौद्यात बसवू नका. हे मी तळमळीने सांगतो आहे. 'सायकली धरून बसतो' म्हणत दोघं-तिघं मागे चढतात, त्यात पोरं जास्त. मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी बसवायला कायद्याने बंदी आहे, अपघात झाला तर विम्याचा दावा कोर्टात वर्षानुवर्षे अडतो. आणि परतवाड्याच्या पुढच्या वळणांवर ब्रेक लागला की सायकल त्याच पोराच्या अंगावर येते. नीट बांधलेल्या सायकलीला कोणी धरायची गरज नसते. कोणी धरून बसावं लागत असेल तर ती बांधलेली नाही, एवढंच त्यातून समजायचं.

ड्रायव्हरशी बोलणं हा यातला नाजूक भाग आहे. 'काही होत नाही जी, लय सामान नेलं आपण,' असं तो म्हणेल आणि ते खरंही असेल. सिमेंट, फर्निचर, संत्र्यांचे क्रेट, सगळं त्याने नेलेलं असतं. त्याच्याशी वाद घालू नका. 'भाऊ, बांधायचं आम्ही करतो, तुम्ही फक्त हुक कुठे मजबूत आहेत ते दाखवा,' असं म्हणा. तो स्वतःहून मदत करेल. त्याला आधीच सांगा की दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबायचं आहे, पट्टे पुन्हा आवळायला. गोंडखैरीच्या पुढे कुठेही चहाच्या टपरीवर थांबा. पहिल्या काही किलोमीटरमध्येच पट्टे बसतात, सायकली आपापली जागा घेतात आणि ताण सैल होतो. चिखलदऱ्यापर्यंतच्या पुढच्या दोनशेहून अधिक किलोमीटरची खात्री तिथल्या पाच मिनिटांत होते. ढाब्यावर जेवायला बसायच्या आधी एक लांब साखळी सगळ्या फ्रेममधून ओवून बॉडीच्या कडीला कुलूप लावा. आणि थांबण्याचे पैसे भाडं ठरवतानाच ठरवा. ते ठरलेले नसले की निघायची घाई होते आणि त्या घाईपोटीच पट्टे तपासायचे राहतात.

आता आवाहन नागपूरच्या सायकल गटांना. प्रत्येकाने वेगळं सामान घेण्याची गरज नाही. गटाने मिळून दोन फळ्या करून घ्या, एक क्विक रिलीजची, एक आरपार आसाची. सोबत वीसेक कॅम बकलचे पट्टे, फोमचे तुकडे, जुन्या चादरी, पंधराचा पाना, सहा नंबरची अॅलन की, साखळी आणि कुलूप. हे सगळं एका गोणीत घालून कोणा एकाच्या घरी ठेवा आणि ज्याला गरज पडेल त्याला द्या, दुसऱ्या गटालाही. शाळांनी मुलांची सहल काढताना अशी गोणी मागून घ्यावी, कोणी नाही म्हणणार नाही.

आणि पिकअपवाल्या भावांना एक विनंती. हौद्याच्या आतल्या बाजूला, तळापासून थोड्या वर, चार-सहा मजबूत कड्या वेल्ड करून घ्या. बाहेरचे हूक ताडपत्रीसाठी असतात, त्यांना तिरका ताण नीट देता येत नाही. कड्यांचा खर्च थोडा आहे. सायकली सुखरूप पोचवणारा गाडीवाला म्हणून तुमचा नंबर एकदा गटात गेला, की हिवाळ्याच्या शनिवार-रविवारी तुम्हाला भाडं शोधत फिरावं लागणार नाही.